गुडघ्यांतला चेंडू

दोघी जावा एकाच महिन्यात बाळंत झाल्या; धाकटीचं पोट लगेच आत गेलं, थोरलीचं पुढेच राहिलं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी थोरलीला पोटाचे नि लघवी धरून ठेवणारे सैल पडलेले स्नायू घट्ट व्हावेत म्हणून सतरंजीवर निजून श्वास सोडत गुडघ्यांत मऊ चेंडू दाबायला सांगितलं होतं, बस्स. शेजारी धाकटी दोरीवरच्या उड्या मारायची. “हिच्याकडून शीक जरा! तू नुसती लोळतेस,” सासूबाई म्हणायच्या. थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा, एकदाच हिची फजिती होऊ दे, ती चेंडू दाबताना पुटपुटायची. आज उडी मारताना धाकटी मांड्या आवळून थबकली. गाऊन भिजला होता, फरशीवरही ओल. “ताई, टॉवेल दे,” ती कुजबुजली. “रोज असंच होतं. बाळाच्या नावावर खपवते.” तेवढ्यात सासूबाई आल्याच. “हे काय सांडलं?” थोरलीच्या ओठांवर खरं आलंच होतं. “बाळानं भिजवलं, दुसरं कोण?” म्हणत तिनं गुडघ्यांतला चेंडू धाकटीच्या हातात ठेवला.