मानाची घागर

विहीर खणायच्या यारीच्या दोराला बांधलेली पाटी विहिरीच्या तोंडावर झुलत होती आणि निवृत्ती तिच्याकडे बघत उभा होता. पिंपळगाव राजाच्या नव्या विहिरीला पाणी लागलं होतं. आता मानाच्या माणसानं खाली उतरून पहिली घागर भरून आणायची, मगच बायकांनी पाणी शेंदायचं. पासष्टच्या लढाईत तोफांच्या माऱ्यातून दोन जखमी जवानांना उचलून आणणारा, छातीवर पदक लावून घरी आलेला माणूस गावात असताना हा मान दुसऱ्या कुणाला द्यायचा?

निवृत्तीनं गुडघ्याचं निमित्त काढलं. सरपंच रामरावांना तो विनयच वाटला. त्याच्या प्रत्येक वागण्याला गावानं असंच काहीतरी गोड नाव देऊन ठेवलं होतं. पौषाच्या थंडीतही तो अंगणात झोपतो, ती लष्करी शिस्त. जमिनीखालच्या धान्याच्या पेवात उतरायला गडी लावतो, तो साहेबी थाट. पलटणीत जाण्याआधी तो परासियाच्या कोळसा खाणीत होता, छत कोसळून दिवसभर गाडला गेला होता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण पदक आल्यावर खाणीचं कोण विचारतो! त्याची बायको मनकर्णाबाई मात्र रिकामी घागर धरून उभी होती. तिला सगळं कळत होतं आणि तिचा जीव तुटत होता.

शेवटी त्यानं तिच्या हातातली घागर घेतली आणि पाटीत बसला. गड्यांनी दोर सोडला. डोक्यावरचं आभाळ परातीएवढं झालं, मग वाटीएवढं. आणि खालून अशी किंकाळी आली की गड्यांच्या हातून दोर सुटता सुटता राहिला.

वर काढला तेव्हा तो घामानं निथळत होता. घागर कोरडीच होती. लोक एकमेकांकडे बघू लागले. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मनकर्णाबाईनं मान खाली घातली.

रामरावांना राग आला नाही, कोडंच पडलं.

"विहिरीचं एवढं भेव वाटते तुले, मंग तोफा चालू असतानी खंदकाच्या बाहीर कसा निंगाला तू?"

निवृत्तीनं घागर बायकोच्या हातात परत दिली.

"खंदकात दम कोंडला म्हून पयालो, रामरावभाऊ. ते दोघं वाटेत पडेल होते."