बारा फेकी

सातवा चेंडूही वर्तुळाबाहेर गेला.

मोरेश्वरने वहीत लिहिले, ‘डावीकडे, खाली.’ पेन्सिलीचे टोक कागदात रुतले. पहिला चेंडू वर गेला होता, दुसरा उजवीकडे, तिसरा थेट खाली. कशाचा कशाला मेळ नव्हता. वीस मीटरवर दोन खांबांच्या मध्ये पांढरी चादर ताणून बांधलेली होती आणि तिच्यावर परातीएवढे काळे वर्तुळ होते. चादर घरची, वर्तुळ मोरेश्वरने स्वतः रंगवलेले. दोन वर्षांच्या रविवारांत त्या वर्तुळात त्याच्या मुलाचे, ऋषभचे, बारापैकी नऊ चेंडू हमखास पडत. आणि आज, नेमका आज, एकही नाही.

शेजारी जर्मनीहून आलेला निवडकर्ता खिशात हात घालून उभा होता. तिथल्या एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाला क्वार्टरबॅक हवा होता. संघाचा सारा डाव ज्याच्या फेकीवर उभा राहतो, असा गडी. युट्रेख्टच्या विद्यार्थी-संघातल्या ऋषभला पाहायला या माणसाने यावे म्हणून मोरेश्वरने सहा महिने पत्रे लिहिली होती. प्रत्येक पत्रासोबत आलेख जोडले होते.

मोजणे हा त्याचा पेशाच होता. आइंडहोव्हनच्या कारखान्यात वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, चिपचा एक थर दुसऱ्यावर किती नेमका बसला, हे तो तपासत असे. केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूकही त्याच्या नजरेतून सुटत नसे. ऋषभच्या फेकीही तो तशाच तपासी. त्या लांबट चेंडूंच्या टोकांना निळा खडू फासायचा, म्हणजे चादरीवर ठिपका उमटतो; मग पट्टी लावायची. सकाळी न्यूनेनच्या घरून युट्रेख्टच्या या मैदानाकडे निघताना त्याची बायको आसावरी दारात म्हणाली होती, “आज ती पट्टी तरी घरी ठेवा हो. मुलगा आहे तो आपला, वेफर नाही.” तो हसला होता आणि पट्टी खिशात टाकली होती.

तिला काय कळणार? कॉलेजात असताना त्याच्या वडिलांनी त्याची बॅट शेजाऱ्यांच्या मुलाला देऊन टाकली होती. मुलाच्या आड येणारा बाप आपण व्हायचे नाही, हे त्याने त्याच दिवशी ठरवले होते.

आठवा चेंडू. उजवीकडे, वर.

“अरे, कोपर!” तो मराठीत पुटपुटला. “कोपर पडतंय तुझं. दोन वर्षं एकच गोष्ट सांगतोय.”

ऋषभने मागे वळून पाहिले. त्याचे केस पावसाच्या बारीक तुषारांनी ओले झाले होते. चेहऱ्यावर ना घाबरणे होते, ना लाज. उलट एक विलक्षण शांत एकाग्रता होती, आणि त्या शांतपणाचाच मोरेश्वरला अधिक वैताग आला. सकाळी सायकल लावून तो जवळ आला, तेव्हाही असाच शांत होता. “बाबा, कॅन आय से समथिंग?” त्याने विचारले होते. “नंतर,” मोरेश्वर म्हणाला होता. “आधी खांदा मोकळा कर.”

नववा. दहावा. अकरावा चेंडू हातात घेऊन ऋषभ बराच वेळ चादरीकडे पाहत राहिला, जणू तिथे एखादी जागा शोधत होता. तोही बाहेर गेला. बारावाही.

निवडकर्त्याने आपल्या कागदावर शून्य लिहिले.

“हातात ताकद आहे,” तो सौम्यपणे म्हणाला. “पण चेंडू कुठे जाणार, हे त्याचं त्यालाच ठाऊक नाही. असा मुलगा व्यावसायिक संघात टिकत नाही. माफ करा.” त्याने दोघांशी हस्तांदोलन केले आणि स्टेशनची वाट धरली.

तरातरा चालत मोरेश्वर चादर सोडायला गेला. गाठ पावसाने घट्ट झाली होती. तिच्याशी झगडताना त्याची नजर चादरीकडे गेली आणि बोटे थांबली.

वर्तुळाच्या बाहेर बारा निळे ठिपके होते. एक बरोबर वर, एक बरोबर खाली, एक उजवीकडे, एक डावीकडे आणि त्यांच्या मधल्या प्रत्येक जागेत दोन-दोन. कोणताही ठिपका काळ्या रेषेपासून चार बोटांहून जवळ नव्हता, चार बोटांहून दूरही नव्हता. समोर घड्याळाची तबकडी उमटली होती.

सवयीने त्याने खिशातून पट्टी काढली. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत लावली, दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत लावली. मग त्याचा हात खाली आला. इतकी देखणी फेक त्याने दोन वर्षांत एकदाही पाहिली नव्हती.

मागे ओल्या गवतावर पावले वाजली. ऋषभ येऊन उभा राहिला आणि चादरीच्या दुसऱ्या टोकाची गाठ सोडू लागला.

“तुला हे नको होतं,” मोरेश्वर म्हणाला. मुलाने होकारार्थी मान हलवली.

“मग दोन वर्षं बोलला का नाहीस?”

घरात सगळ्याची उत्तरे इंग्रजीत देणारा ऋषभ या वेळी मराठीत बोलला, एकेक शब्द जपून ठेवत.

“बोलत होतो, बाबा. तुम्ही मोजत होतात.”