धनुष्कोडीची गाडी

चौसष्ट सालच्या वादळात धनुष्कोडीच्या समुद्राने अख्खी आगगाडी गिळली, तिच्यात कुमुदिनीमावशींचे यजमान कृष्णकांत होते. त्यांचा देहही सापडला नाही. चाळीसेक वर्षांनी त्या वादळावर प्रेमाचा सिनेमा निघाला, तेव्हा मावशी हट्टाने भाचीला, ऊर्मीला, घेऊन तांबरमहून चेन्नईला तो पाहायला आल्या. सिनेमातला नायक मात्र पोहत किनाऱ्याला लागला आणि महिन्याभराने त्याने बायकोचं दार वाजवलं. बाहेर पडताच ऊर्मी चिडून म्हणाली, “सगळं खोटं दाखवलंय, मावशी! त्या गाडीतलं कुणीच वाचलं नव्हतं.” “ठाऊक आहे गं,” मावशी म्हणाल्या. “पण त्याला दारात बघून ती काय म्हणाली? रडण्याच्या नादात माझं ऐकायचंच राहिलं.” ऊर्मीचा आवाज खाली आला. “म्हणाली, ‘किती उशीर केलात!’” “मीही तेच म्हणणार होते,” डोळे पुसत मावशी म्हणाल्या आणि पुढच्या खेळाच्या रांगेत उभ्या राहिल्या.