एका बाईची अट

"नाचणारा पुरुषच आहे ना?" आकांक्षाने विचारलं.

"हो मॅडम. गोपाल, खुशालरावांचा पोरगा," तिचा सहकारी अनुप म्हणाला. "पण पाहा तरी, काय कमाल करतो!"

आकांक्षा पाहतच होती, आणि जितकं पाहत होती तितकी तापत होती. अकोल्याच्या जठारपेठेतल्या सभागृहात खुशालरावांची दंडार, म्हणजे पुरुषांनीच बाईचं सोंग घेऊन नाचायचा वऱ्हाडी खेळ, भर रंगात आली होती. हिरवं लुगडं, नाकात नथ, हातभर बांगड्या. गोपालने नुसती मान वळवली तरी मागून शिट्ट्या येत होत्या. हेच तिला खुपत होतं. बाईची चाल हवी, नखरा हवा, लाजणं हवं. बाई तेवढी नको!

परदेशातल्या लोककला महोत्सवाला वऱ्हाडातून एकच संच जायचा होता. निवड आकांक्षाच्या संस्थेकडे होती. अमरावतीला राजापेठेत तिचं ऑफिस. मंचावर एक तरी बाई हवीच, ही अट तिनेच भांडून घालून घेतली होती. मेळघाटातल्या सेमाडोहच्या संचात बायका होत्या, त्यांचा नाचही चांगला झाला होता. पण ही दंडार अंगावर काटा आणत होती. आकांक्षाचा राग मोठा हिशेबी. कोणाच्या जमेला काही पडलेलं दिसलं, की तो नावे बाजूला दुप्पट मांडायचा.

पहिली नोंद सकाळीच झाली होती. खुशालरावांची बायको लीलाबाई चहा घेत होती, मांडीवर तान्हं मूल.

"कोणाचं हो?" आकांक्षाने विचारलं होतं.

"नातू हाये माहा. गोपालचा."

"आणि आई कुठे याची?"

लीलाबाईने चहाची बशी खाली ठेवली होती. "कामावर हाये ते. तिले कुठं सवड, मॅडम?"

म्हणजे सून कामावर, सासू पोर सांभाळते, आणि नवरा लुगडं नेसून टाळ्या घेतो! आकांक्षाने ते मनात पक्कं लिहून ठेवलं होतं.

आता विंगेत तेच मूल रडायला लागलं. गोपालचं पाऊल चुकलं. त्याने सावरलं, पण गाणं संपताच टाळ्यांनाही न थांबता तो तडक पडद्याआड गेला.

"माज बघ केवढा," आकांक्षा पुटपुटली, आणि उठून थेट मंचापाशी गेली. "खुशालराव, तुमच्या संचात बाई कुठे आहे?"

खुशालरावांनी शेल्याने घाम पुसला. "मॅडम, तुमाले दिसली नाही का?"

सभागृहात हशा पिकला. आकांक्षाचे कान लाल झाले. "माझी थट्टा करता?"

"थट्टा नाही करून राहिलो, मॅडम. जरा बाजूले येता का? दोन शब्द बोलाचे हायेत."

बाजूला! आजवर जो जो तिला बाजूला बोलवायला आला, तो खिशात पाकीट नाहीतर कोण्या पुढाऱ्याची ओळख घेऊनच.

"जे बोलायचं ते इथे. सगळ्यांदेखत."

खुशालरावांची नजर पहिल्या रांगेकडे गेली. तिथे शेषराव बसले होते. गावच्या जत्रेचे पंच, दंडारीला दरसाल सुपारी तेच देत. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, तरी ते उभे राहिले.

"काहून त्याले तंग करता, बाई? आमच्या देवापुढं बाई नाचली नाही, नाचू देनार नाही. म्हनून तं याइलेच बोलावतो आमी. उद्या यायनं बाई उभी केली, तं एक जत्रा याइले दारात उभं करनार नाही. लिहून घ्या!"

"सांगून टाका ना, बाबा!" पडद्याआडून गोपालचा आवाज आला, रागाने चिरकलेला. "एकदाचं सांगून टाका!"

"तू चूप राह्य!" खुशालराव ओरडले. मानेच्या शिरा तटतटल्या.

आकांक्षाला बरं वाटलं. म्हणजे नव्या पिढीला तरी पटतंय!

"पोराला कळतं, ते तुम्हाला कळत नाही. मला फक्त एक बाई दाखवा, विमानात तुमचा संच बसेल. बोला, आहे?"

खुशालरावांचे ओठ हलले. शेषराव टक लावून पाहत होते.

"नाही," खुशालराव म्हणाले. "आमच्या दंडारीत बाई नाही. आज्यापासून नाही."

आत काहीतरी जोराने भिंतीवर आपटलं. घुंगरं फरशीवर विखुरल्याचा आवाज झाला.

"ऐकलंस, अनुप? सेमाडोह. कळवून टाक आत्ताच."

अनुप घुटमळला. "मॅडम, एकदा गेलेलं नाव फिरवता येणार नाही. पुन्हा पाहा. असा नाच..."

"बायकांना घरी राबवायचं, आणि यांनी बाईचं सोंग आणून जग फिरायचं? कळव!"

अनुपने फोनवर अंगठा दाबला. खुशालराव मंचावरच मटकन खाली बसले. शेषरावांनी जाता जाता त्यांच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली. त्या थापेने तर आकांक्षा पेटलीच. या बापाला सांगून उपयोग नव्हता, पोराला ऐकवायला हवं होतं. हिंमत असेल तर वेगळा संच काढ, स्वतःच्या बायकोला मंचावर उभं कर. वाक्य तोंडात तयार ठेवून ती पडद्यामागे गेली.

रंगपटाच्या दारात लीलाबाई चादरीचा आडोसा धरून उभी होती.

"नोका जाऊ, मॅडम. आता नोका."

"सरका!" आकांक्षाने चादर हिसकून बाजूला केली.

गोपाल भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. काजळ गालांवर ओघळलं होतं, नथ अजून नाकातच होती, आणि हिरव्या पदराखाली लीलाबाईचा नातू लुटूलुटू दूध पीत होता.