वाटीतलं विरजण

निमिषला लाज म्हणून ती नाहीच, असं कमलआत्यांनी अमेरिकेतल्या त्यांच्या शुगर लँड गावभर सांगून ठेवलं होतं. सासूने सांगलीहून बांधून दिलेलं, चाळीस वर्षांत एकदाही खंड न पडलेलं विरजण त्यांनी या भाच्याला दिलं. त्यातल्या जिवाणूंपासून औषध करायला त्याने हॉलंडमध्ये कंपनी काढली आणि तिथल्या सरकारचं भरघोस अनुदान मिळवलं. मग नातीने बातमी वाचून दाखवली, "आजी, इथे लिहिलंय, हे दही हॉलंडच्या कुठल्या तरी ग्रँडमाचं आहे."

"आत्या, ते लोक तिकडच्याच वस्तूला फंडिंग देतात गं," जेवायला आलेला निमिष पुटपुटला.

 

"विरजण मागून नेणारे पुष्कळ पाहिले रे मेल्या," आत्या म्हणाल्या, "विरजणाची आई बदलणारा तूच पहिला!"