शत्रूचं भाषण

तिसऱ्या वक्त्यानंही फत्तेसिंगांना ‘अजातशत्रू’ म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या योगीराजांना जोराचा ठसका लागला.

शोकसभेला राजाजीनगरच्या मराठी मंडळाचा हॉल गच्च भरला होता. बेंगळुरूच्या मराठी नाटकांतला राजा गेला होता. दिवसभर यशवंतपूरच्या कारखान्यात लेथ चालवायची आणि संध्याकाळी सिंहासनावर बसायचं, असा नट. कन्नड पेपरांनीसुद्धा त्यांचा फोटो छापला होता. योगीराज त्यांच्या नाटकांतले कायमचे खलनायक. एका प्रयोगानंतर दोघांत असं काही वाजलं की बोलणं तुटलं, ते तुटलंच. आजही योगीराज नुसते तोंड दाखवून निघणार होते. पण अध्यक्षांनी माईकवरून त्यांचंच नाव पुकारलं.

ते नाइलाजानं मंचावर जाऊन उभे राहिले. “फत्तेसिंग म्हणजे... शांत, प्रेमळ, निगर्वी...”

“थांबा स्वल्प, भावजी.” पहिल्या रांगेतून कस्तुराबाईंनी, फत्तेसिंगांच्या बायकोनं, हात वर केला. “मघाधरनं ऐकालोय. हे कुणाबद्दल बोलालेत, मला कळेना झालंय. असल्या माणसाबरोबर मी संसार केलाच नाही. तुम्ही तरी खरं बोला की.”

योगीराजांनी एकदा घसा साफ केला आणि मग त्यांचा बांध फुटला.

“अजातशत्रू म्हणे! अहो, त्याचा शत्रू मी इथं जिवंत उभा आहे. शेवटच्या अंकात मी त्याला मारायचं, असं नाटक. मारला. पडला. मी विजयाची आरोळी ठोकली, तर हा उठून बसला! म्हणे, अजून थोडं सांगायचंय. लोकांच्या शिट्ट्या. मी पुन्हा मारला, हा पुन्हा उठला. प्रजेला उपदेश केला, राणीचा निरोप घेतला, घोड्याचासुद्धा घेतला. नाटकात घोडा नव्हताच! शेवटी पडदेवाल्यानं कंटाळून पडदा पाडला. दुसऱ्या दिवशी सगळं राजाजीनगर मला विचारतंय, काय योगीराज, तलवार धरता येत नाही का?”

सगळा हॉल हसायला लागला. सर्वांत जास्त हसत होत्या कस्तुराबाई. तोंडावर पदर दाबला, तरी त्यांचे खांदे गदगदत होते. नवरा गेल्यापासून त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

“मरायची एवढी हौस असलेला माणूस,” योगीराज म्हणाले आणि त्यांचा आवाज घसरला, “आणि गेला कसा? झोपेत. एक वाक्य न बोलता. हे काय मरण झालं त्याचं?”

पुढं त्यांना बोलता येईना. ते तसेच खाली उतरले. कस्तुराबाईंनी त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि डोळे पुसत हळूच म्हणाल्या, “तुमची बायपास झाली नव्हं, तेव्हापासून हेपण घरात एक भाषण पाठ करत होते.”

“कसलं?”

“तुमच्या शोकसभेचं.”

योगीराज ताडकन ताठ झाले. “म्हणजे मीच आधी जाणार, अशी खात्री होती त्याला! काय बोलणार होता माझ्याबद्दल?”

“काय की. ‘माझा योगीराज गेला’ एवढं म्हणायचे आणि रडायलाच लागायचे. पुढचं कधी पाठ झालंच नाही.”