वरवंटा

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या सोसायटीत पाणी आधी ए विंगला सोडतात आणि उरलंच तर बी विंगला, म्हणजे आम्हाला. सलग तीन दिवस नळ कोरडे राहिले, तेव्हा आमच्या मंजुळामावशी घरातला वरवंटा घेऊन खाली उतरल्या, व्हॉल्व्हचं कुलूप फोडलं आणि पाणी इकडे वळवलं. आम्ही बायकांनी त्यांची ओटी भरली.

ए विंगमध्ये राहणाऱ्या सेक्रेटरी दळवींनी ग्रुपवर लिहिलं, "हा सरळ सरळ दहशतवाद आहे. असल्या अतिरेक्यांना सोसायटीत जागा नाही!" खाली अख्ख्या ए विंगचे अंगठे. संध्याकाळी दळवींनी स्वतः बाजारात जाऊन मुठीएवढं कुलूप आणलं आणि व्हॉल्व्हला लावलं.

मे महिन्यात दळवींना बी विंगमध्ये मोठा फ्लॅट मिळाला, म्हणून ते इकडे राहायला आले. ए विंगवाल्यांनी त्यांचं सेक्रेटरीपद काढून घेतलं, किल्लीसकट. पहिल्याच सकाळी साहेब अंगाला साबण लावून बसले आणि नळ नुसता फुसफुसला.

पंधरा ऑगस्टला झेंडा मंजुळामावशींच्या हस्ते फडकला. नाव दळवींनीच सुचवलेलं. माइक हातात घेऊन ते अगदी गहिवरले, "अन्यायावर पहिला घाव घालणाऱ्या या आपल्या स्वातंत्र्यसैनिक!"

टाळ्या थांबल्यावर ते हळूच मावशींच्या कानाशी वाकले.



"मावशी, तो वरवंटा आहे ना अजून? त्या ए विंगच्या अतिरेक्यांनी कुलूप भलतंच जाड लावलंय हो!"